परदेशी घडीचा चाकू: पात्यापासून पावतीपर्यंत पारख

"तिकडून येताना एखादा चांगला चाकू आण," असं सांगणारे आणि "कोणता आणू?" असं उलट विचारणारे, दोघेही आता घरोघरी आहेत. उत्तरादाखल बहुतेक जण पोलादाचं नाव सांगतात: अमुक नंबरचं स्टील असेल तरच घे. माझ्या मते पोलादाचं नाव सगळ्यात शेवटी पाहावं. आधी चाकू कोणी आणि कुठे बनवला ते, मग तो उघडतो-मिटतो कसा, मग पातं किती पातळ आहे, आणि मग पोलाद. भारी पोलादाचा जाडजूड, ढिला चाकू ड्रॉवरमध्ये पडून राहतो. साध्या पोलादाचा, पातळ पात्याचा, नीट बसवलेला चाकू रोज खिशात जातो.

त्याच्याही आधी काम ठरवा. फळं, पार्सलची दोरी, ट्रेकला भाजी आणि भाकरीबरोबरचा कांदा एवढंच कापायचं असेल, तर ७ ते ९ सेंटिमीटरचं पातं पुरतं. त्याहून मोठं पातं खिशात जड होतं आणि लोकांच्या नजरेत खुपतं.

शिक्का वाचायला शिका

पातं मुठीत शिरतं त्या बुडाशी एक सपाट, बिनधारेचा भाग असतो. बनवणाऱ्याचा शिक्का तिथे असतो. चांगला कारखाना तिथे नाव टाकतो, बहुतेकदा देश किंवा गाव टाकतो आणि पुष्कळदा पोलादही लिहितो. शिक्काच नसेल, किंवा खोक्यावर एक आणि पात्यावर दुसरंच असेल, तर पुढची तपासणी करायची गरज नाही.

गावाचं नाव कुठे वजनदार आणि कुठे पोकळ, हे माहीत असायला हवं. जर्मनीतल्या झोलिंगेनचं नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे. निर्मितीचे सगळे महत्त्वाचे टप्पे त्या भागात झाले असतील तरच हे नाव पात्यावर टाकता येतं. 'जर्मन स्टील' या शब्दांना असं काहीच संरक्षण नाही. ते फक्त पोलाद कुठून आलं याचा दावा करतात, चाकू कुठे बनला ते सांगत नाहीत. बोकर ही जर्मन चाकू कंपनी याचं उत्तम उदाहरण. झाडाचं चिन्ह तेच, पण झोलिंगेनमध्ये बनणारे चाकू वेगळे, 'बोकर प्लस' नावाने मुख्यतः आशियात बनवून घेतलेले वेगळे आणि 'मॅग्नम' ही त्याहून स्वस्त मालिका वेगळी. तिन्ही अस्सल बोकरच, पण किंमत एकाच तराजूत तोलता येणार नाही. दुकानदार नुसतं "बोकर आहे" म्हणाला तर कोणतं बोकर, ते विचारा.

फ्रान्सच्या लायोल गावाची गोष्ट याच्या उलट. स्प्रिंगवर मधमाशीसारखं चिन्ह असलेला तो बाकदार चाकू जगभर ओळखला जातो. पण हे नाव अनेक दशकं कोणीही वापरत आलं. लायोलमधल्या आणि थिएर या फ्रान्समधल्याच चाकूंच्या शहरातल्या चांगल्या कारागिरांनी वापरलं, आणि आशियातून डझनाच्या भावाने माल पाठवणाऱ्यांनीही. म्हणून 'लायोल' एवढ्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका. पात्यावर कार्यशाळेचं नाव असेल तर ते नाव शोधा, नसेल तर नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा समजून खाली ठेवा.

शिक्क्याबाबतीत सगळ्यात सरळ मला स्पायडर्को ही अमेरिकी कंपनी वाटते. कोलोरॅडोतलं गोल्डन, जपानमधलं सेकी, तैवानमधलं ताइचुंग, इटलीतलं मानियागो आणि चीन, असे तिचे चाकू पाच ठिकाणी बनत आले आहेत आणि कुठे बनला ते पात्यावर लिहिलेलं असतं. ताइचुंगच्या चाकूंची सफाई मला गोल्डनच्या चाकूंपेक्षा सरस वाटते. म्हणजे 'अमेरिकेत बनलेला' हीसुद्धा पारखीची फूटपट्टी नव्हे.

चीनबद्दलही तेच. क्वांगतुंग प्रांतातलं यांगच्यांग हे चाकू-कात्र्यांचं मोठं केंद्र. टाकाऊ माल तिथूनच येतो आणि ज्यांच्या सफाईपुढे युरोपियन कारखान्यांनी मान खाली घालावी, असे चाकूही तिथलेच. 'वी नाइफ' ही कंपनी आणि तिचा स्वस्त ब्रँड 'सिविवी' तिथले आहेत, आणि त्या पैशात इतकी नीट बसवलेली मूठ दुसरीकडे सहज मिळत नाही. टाळायच्या त्या नकला: दुसऱ्याचा आकार, दुसऱ्याचा लोगो, आणि पोलादाचं नावही मनाला येईल ते. जो लोगो खोटा छापतो, तो पोलाद खरं लिहील अशी आशा का धरायची?

नागमोडी नक्षीच्या 'दमास्कस' चाकूंबद्दल थोडं. दोन प्रकारची पोलादं थरावर थर रचून, घडवून, आम्लात बुडवली की नक्षी उठते. पाकिस्तानातलं वजिराबाद या मालासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे चांगले कारागीरही आहेत. पण नक्षीवरून थर कोणत्या पोलादाचे आणि त्यांना पाणी कसं दिलं, म्हणजे तापवून-थंड करून किती कडक केलं, यांपैकी काहीही कळत नाही. स्वस्त दमास्कस शोभेसाठी घ्यायचं असेल तर जरूर घ्या.

हातात घेतल्यावरच्या चाचण्या

दुकानात असाल तर हे सगळं पाच मिनिटांत होतं. ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडल्याबरोबर करा, परत पाठवायची मुदत चालू असताना.

आधी मिटलेला चाकू टोकाच्या बाजूने पाहा. पातं दोन बाजूंच्या बरोबर मध्ये बसलं पाहिजे. किंचित डावं-उजवं चालतं, मुठीच्या आतल्या पत्र्याला घासत असेल तर नाही. मग मिटलेल्या मुठीवरून, टोक जिथे आत शिरतं तिथे, जुनं सुती कापड फिरवा. धागा अडकला तर टोक पुरेसं आत गेलेलं नाही, आणि तो चाकू एक दिवस खिसा किंवा बोट कापणार. बोट फिरवून ही चाचणी करू नये, हे सांगायला नको.

मिटलेला चाकू उलटा धरून झटका द्या. पातं बाहेर डोकावता कामा नये. मग उघडा आणि पात्याचं टोक दोन बोटांच्या चिमटीत धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहा. डावी-उजवीकडची हालचाल बहुधा स्क्रू आवळून जाते. वर-खाली हालचाल म्हणजे कुलपाचा, उघडलेलं पातं जागेवर अडकवून धरणाऱ्या भागाचा, दोष; तो घरी दुरुस्त होत नाही.

इथून पुढे चाकूच्या जातीप्रमाणे बघावं लागतं.

साधा स्प्रिंगचा चाकू, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्ससारखा, ज्यात कुलूप नसतं: पाठीकडून स्प्रिंग पाहा. चाकू उघडा असताना आणि मिटलेला असताना स्प्रिंग मुठीच्या पाठीशी सपाट असावी. स्प्रिंग आणि बाजूचा पत्रा यांच्यामधून उजेड दिसू नये. दिवा मागे धरला की फट लगेच कळते. पातं अर्ध्यावरून पुढे स्वतःच ओढलं जावं आणि स्पष्ट 'टक' आवाज करून बसावं. मिळमिळीत बसत असेल तर स्प्रिंग कच्ची. पातं इतकं जोरात मिटत असेल की धार आतल्या स्प्रिंगवर आपटते, तर तेही वाईट. काही वेळा उघड-मीट करून धारेवर एकाच जागी चपटा डाग उमटतो का ते पाहा.

व्हिक्टोरिनॉक्सच्या बाबतीत आणखी एक. जगात सगळ्यात जास्त नकला बहुधा याच लाल चाकूच्या होतात. कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे सुरू केलेला हा कारखाना, आणि १८९७ मध्ये नोंदवलेला तो अधिकाऱ्यांचा चाकू. नकली चाकूत पातं कसंबसं जमतं, कात्री जमत नाही. म्हणून कात्री असलेलं मॉडेल असेल तर तिने एक सैल दोरा आणि टिश्यू पेपरची कड कापून पाहा. खरी कात्री टोकापर्यंत कापते, नकली दोरा चेपून मध्येच धरून ठेवते. सगळी हत्यारं साधारण एकसारख्या ताकदीने उघडतात का, तेही पाहा. एक नखाला न जुमानणारं आणि शेजारचं आपोआप लोंबकळणारं, असं खऱ्यात होत नाही.

आतला पत्रा बाजूला सरकून पात्याला अडकतो ते लायनर लॉक. उघडल्यावर त्या पत्र्याचं तोंड पात्याच्या बुडावर किती सरकलंय ते पाहा. तिसरा हिस्सा ते निम्मं असावं. जेमतेम कडेला टेकलं असेल तर कुलूप निसटायची भीती. नवा असतानाच पार पलीकडे गेलं असेल तर झीज झाल्यावर पुढे सरकायला जागा नाही. काही जण पात्याची पाठ टेबलावर आपटून कुलूप तपासतात. मला ते पटत नाही. असा फटका रोजच्या वापरात कधी बसत नाही, आणि चांगलं कुलूपही त्याने बिघडतं. जाड हातमोजा घालून, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पाठीवर हळूहळू दाब वाढवा. तेवढं पुरे.

फ्रान्सच्या साव्हुआ भागातल्या ओपिनेलचं कुलूप सगळ्यांत साधं: मुठीच्या तोंडावर फिरणारं पोलादी कडं. १८९० पासून हा चाकू बनतो आणि कडं १९५५ मध्ये आलं. ६ नंबरपासून वरच्या चाकूंना ते असतं. कडं हाताने घट्ट फिरावं, पण शेवटपर्यंत फिरवल्यावरही मोकळं हिंडू नये. हे नीट नसेल तर दुकानात दुसरा नग मागा. लाकडी मुठीमुळे नगानगात फरक असतो, आणि या चाकूच्या बाबतीत निवडून घेणं हाच अर्धा सौदा.

जपानमधल्या मिकी गावच्या हिगोनोकामीला स्प्रिंग नाही आणि कुलूपही नाही. घडी घातलेल्या पत्र्याची मूठ, आणि पात्यालाच मागे निघालेली दांडी. ती अंगठ्याने दाबून धरायची. पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याची घट्टाई हाच त्याचा सारा कारभार. फार सैल झाला तर कठीण पृष्ठभागावर ठेवून खिळ्यावर हलका हातोडा मारतात, तो पुन्हा घट्ट होतो.

पातं: खरी किंमत इथे

चाकू कापतो तो पातळपणाने. धारेच्या लगेच मागे, जिथे धारेची तिरकी कड संपते, तिथली जाडी महत्त्वाची. व्हर्नियर कॅलिपर असेल तर मोजा. अर्धा मिलिमीटर किंवा कमी असेल तर टोमॅटो, सफरचंद, भाकरी सगळं सुखाने कापलं जाईल. पाऊण मिलिमीटरच्या पुढे गेलं की चाकू कापण्याऐवजी पाचर ठोकल्यासारखा फोडत जातो. सफरचंद चरकन दुभंगलं, तर धार कितीही तीक्ष्ण असली तरी पातं जाड आहे.

ओपिनेलचं महत्त्व इथे कळतं. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर लांब, पाठीपासून धारेपर्यंत बारीक होत गेलेलं. युरोपात साधारण दहा-पंधरा युरोंना मिळणारा हा चाकू, दसपट किमतीच्या कित्येक 'टॅक्टिकल' चाकूंना आंबा कापण्यात सहज हरवतो. त्या चाकूंची पाती साडेतीन-चार मिलिमीटर जाड असतात, कारण ती विकत घेणाऱ्याला आपण कधीतरी दार उचकटू असं वाटत असतं. आपण दार उचकटत नाही.

मग धार डोळ्यांसमोर, दिव्याखाली सरळ धरा. चांगल्या धारेवर उजेड परावर्तित होत नाही. चमकणारा ठिपका म्हणजे तिथे बोथट किंवा चेपलेलं. दोन्ही बाजूंच्या तिरक्या कडांची रुंदी सारखी असावी. बुडापासून टोकापर्यंत ती फार बदलत असेल तर धार घाईत लावली आहे. ते दगडावर दुरुस्त होतं, पण महाग चाकूत ते आपण का करावं?

पोलाद आणि त्याला दिलेलं पाणी

आता पोलाद. नावांचा गोंधळ वाटतो, पण चिनी नावं तर स्वतःच सगळं सांगतात. ३सीआर१३ म्हणजे सुमारे ०.३ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. ८सीआर१३एमओव्ही म्हणजे सुमारे ०.८ टक्के कार्बन. कार्बन कमी तर पोलाद मऊ, धार लवकर बसते, म्हणजे बोथट होते. ३सीआर१३चा चाकू कितीही देखणा असो, घेऊ नये. ८सीआर१३एमओव्ही स्वस्तात समाधानकारक.

'४४०' एवढंच लिहिलं असेल तर ते बहुधा ४४०ए, म्हणजे त्या कुळातलं कमी कार्बनचं. ४४०सी असतं तर विकणाऱ्याने 'सी' हे अक्षर गाळलं नसतं. 'सर्जिकल स्टील' या शब्दांवरून धारेबद्दल काहीही ठरत नाही. स्वीडिश १२सी२७ हे साधं, बारीक पोताचं, सहज धार घेणारं पोलाद. ओपिनेलच्या स्टेनलेस पात्यांत त्याचाच सुधारित प्रकार असतो, आणि माझ्या मते खिशातल्या चाकूला याहून जास्त क्वचितच लागतं. डी२ मध्ये दीड टक्का कार्बन आणि साधारण १२ टक्के क्रोमियम. धार खूप टिकते, पण बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या कठीण कणांत, अडकल्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस नाही. अमेरिकी एस३०व्ही किंवा ऑस्ट्रियन एम३९० यांची धार महिनोन् महिने टिकते. पण बसली की साध्या कुरुंदाच्या दगडावर घाम निघतो; हिऱ्याची पट्टी लागते. तिची किंमत चाकूच्या किमतीत आधीच धरा.

मात्र एकाच पोलादाचे दोन चाकू सारखे नसतात. किती तापवलं, किती वेगाने थंड केलं, मग किती तापमानाला पुन्हा ठेवलं, यावर कडकपणा आणि चिवटपणा ठरतो. बक ११० हा १९६४ पासूनचा अमेरिकी चाकू पाहा. त्यातलं ४२०एचसी पोलाद कागदावर सामान्य, पण पॉल बॉस या तज्ज्ञाने बसवलेल्या उष्णता-प्रक्रियेमुळे त्याची धार नावापेक्षा कितीतरी चांगली टिकते. कंपनी कडकपणाच्या रॉकवेल सी मोजपट्टीवरचा आकडा देत असेल तर पाहा. व्हिक्टोरिनॉक्स मुद्दाम ५६च्या आसपास ठेवते: धार लवकर बसते, पण कपाच्या तळाच्या बिनचकाकीच्या कडेवर चार हात फिरवले की परत येते, आणि पातं तुकडे उडून खराब होत नाही. ५८ ते ६० म्हणजे रोजच्या वापराला उत्तम. ६१-६२च्या पुढे मुरलेल्या हातालाच द्यावं. हाडावर किंवा नारळावर टाकलं तर धारेला खवले पडतात.

कोकणातला पाऊस आणि फ्रेंच लाकूड

युरोपातले अभिप्राय वाचून घेतलेला चाकू इथल्या जुलैत वेगळा वागतो. ओपिनेलची मूठ बहुधा बीच लाकडाची. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती फुगते आणि पातं आतच घट्ट बसतं. मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकलं की पातं थोडं पुढे येतं; साव्हुआतले लोकही असंच करतात. घेतल्यावर लगेच खाचेच्या आत आणि खिळ्याजवळ जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवून वाळवलं तर त्रास बराच कमी होतो. ज्या चिंध्यांनी तेल लावलं त्या पसरून वाळवा. गोळा करून ठेवलेल्या, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात.

कार्बन पोलादाचं पातं घ्यावं का? घरात जुन्या विळीची सवय असेल तर जरूर. कैरी, लिंबू लागलं की निळं-काळं पडतं. तो थर वाईट नाही, उलट खऱ्या गंजाला थोडा अटकाव करतो. पण ट्रेकमधून ओला चाकू सॅकमध्ये विसरणाऱ्यांनी स्टेनलेसच घ्यावं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन पात्याला आणि खिळ्याला पुरेसं. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल नको, ते काही महिन्यांत चिकट होऊन पातं जड करतं.

मुठीचं साहित्य एरवी फार महत्त्वाचं नाही. स्क्रूने जोडलेली असेल तर उघडून धुता येते, खिळ्यांनी बंद असेल तर आतली घाण राहते. फक्त एक पाहा: मूठ जोरात धरून दोन मिनिटं काहीतरी जाड कापा. कुठे टोचलं, तर ते वर्षभर टोचेल.

किंमत, आणि ती कुठे भरायची

चाकूची खरी किंमत म्हणजे हातात पडेपर्यंतचा सगळा खर्च: मूळ किंमत, पाठवणावळ, सीमाशुल्क, कुरियरवाल्याचं शुल्क. पंधरा युरोंचा चाकू एकटा मागवला तर हा वरचा खर्च चाकूपेक्षा मोठा होऊ शकतो. म्हणून स्वस्त चाकू येणाऱ्याबरोबर मागवावा, महाग चाकू भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावा. हमीचा प्रश्न येतो तेव्हा इथली पावती कामाला येते. व्हिक्टोरिनॉक्सची साहित्य आणि बनावट यांतल्या दोषांवर आजीवन हमी आहे. झीज आणि गैरवापर त्यात येत नाहीत.

ढोबळ हिशेब असा धरतो: किंमत दुप्पट झाली तर मला दुप्पट काय मिळालं, ते बोटावर दाखवता आलं पाहिजे. स्वस्तातून मध्यम किमतीत गेल्यावर सफाई, कुलूप आणि पाणी या तिन्हींत फरक पडतो. मध्यमातून महागात गेल्यावर मिळतं ते टायटॅनियम, नक्षी आणि विरळ पोलाद. हौस असेल तर द्या, कापण्यात तेवढा फरक दिसत नाही.

आणणाऱ्याला सांगा: चाकू हातातल्या बॅगेत अजिबात नको, चेक-इन सामानात, पातं गुंडाळून. खटका दाबला की पातं उडणारे चाकू मागवूच नका. कित्येक देशांत ते बेकायदा आहेत आणि सीमाशुल्कात अडकतात. लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी: तिथे विनाकारण खिशात बाळगता येतो तो फक्त कुलूप नसलेला आणि ३ इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू. जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि कुलूप लागणारा चाकू सबळ कारणाशिवाय बाळगता येत नाही. भारतात शस्त्र नियम, २०१६ मध्ये माप आहे ते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं. खिशातला चाकू त्याच्या खूप आत बसतो. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकूही येतात. त्या दिवसांत, आणि मेट्रो किंवा विमानतळावर जाताना, चाकू घरी.

पहिले काही आठवडे

चाकू आला, चाचण्या झाल्या, धारेने कागद सरसर कापला. एवढ्यावर पोलादाला बरं-वाईट म्हणू नका. कारखान्यात धार वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर लावतात आणि त्या घर्षणाने धारेची अगदी बारीक कड तापून मऊ होऊ शकते. त्यामुळे चांगल्या चाकूचीही पहिली धार कधीकधी लवकर बसते. दगडावर पाणी घालून, दर बाजूला १५ ते २० अंशांत, हळूहळू दोन-तीनदा धार लावा. तापलेली कड झिजून गेली की खालचं खरं पोलाद लागतं. त्यानंतर पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं पट्ट्या-पट्ट्या करून कापा आणि मग पुन्हा कागद कापून पाहा. कागद फाटायला लागला की धार कुठे बसली ते दिव्याखाली बघा: कड गोल झाली असेल तर पोलाद मऊ, वाकडी झाली असेल तर पातं किंवा कोन जास्त बारीक, खवले उडाले असतील तर पाणी जास्त कडक. मऊ पडलं तर चाकू फळांना ठेवा. वाकडी झाली किंवा खवले उडाले, तर पुढच्या वेळी कोन दोन अंश वाढवा.